राखणदारांची भिशी

पद्मजा आरवाडे हिला जुगाराचा मनापासून तिटकारा होता आणि हे ती कुणालाही, न विचारता, ऐकवत असे. सांगलीत विश्रामबागेतल्या एका शाळेत ती आठवीला गणित शिकवायची. संभाव्यतेचा धडा आला की फासे, नाणी, लाल-काळे चेंडू ही पुस्तकातली उदाहरणं ती नाक मुरडत उरकायची आणि शेवटी मुलांना बजावायची, "हे परीक्षेपुरतं. जो माणूस नाण्यावर भरवसा ठेवतो, त्याच्यावर तुम्ही भरवसा ठेवू नका." लग्नाच्या हॉलवर हाऊजीची तिकिटं वाटायला सुरुवात झाली की ती पर्स उचलून जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहायची.

आणि नेमका अशा बाईच्या पदरी अभिनंदन पडला.

अभिनंदन दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा. एव्हाना दात छापायला यंत्रं आली होती, पण छापलेल्या दाताला माणसाच्या दाताचा रंग द्यायचा, चावताना तो टोचणार नाही असा घासायचा, हे काम अजून हातालाच जमत होतं आणि अख्ख्या जिल्ह्यात अभिनंदनसारखा हात नव्हता. मग त्याच्या फोनवर 'रंगचक्र' आलं. चाक फिरवायचं आणि काटा कुठल्या रंगावर थांबतो ते बघायचं, इतकाच खेळ. जाहिरातीच्या शेवटी एक माणूस मागे कुत्रं लागल्यासारखा भरभर म्हणायचा, "याची सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा." अभिनंदन जबाबदारीनेच खेळला. जेवणाची वेळ चुकवली नाही, लॅबला दांडी मारली नाही, बायकोवर आवाज चढवला नाही. दुचाकी, कुपवाडचा प्लॉट आणि सासूबाईंनी दिलेल्या पाटल्या मात्र त्याने तितक्याच शांतपणे त्या चाकावर घातल्या. एका दुपारी कृष्णेच्या पुलावर तो कठडा धरून उभा असलेला एका ओळखीच्या रिक्षावाल्याला दिसला. त्याने त्याला गोडीगुलाबीने रिक्षात बसवून घरी आणून सोडलं.

त्या दुपारी पद्मजाने ठरवलं, ह्या माणसाला मी बरं करीन. अगदी मनापासून ठरवलं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की बाई मुळातच तशी असणार. ती तशी नव्हती.

*

जुगाराची ॲप्स बंद करायची हिंमत सरकारला झाली नव्हती. त्याऐवजी ॲपवाल्यांकडून कर घेऊन त्यातून जिल्ह्याजिल्ह्यात उपचार केंद्रं उघडली होती. सांगलीचं केंद्र डॉ. इरा मेहेंदळे चालवायच्या. बुटक्या, चष्मेवाल्या, मऊ आवाजाच्या बाई. पहिल्याच भेटीत त्यांनी शर्टाच्या बटणाएवढी एक चकती टेबलावर ठेवली.

"हा जागल्या," त्या म्हणाल्या. "पूर्वी गावात रात्रीची गस्त घालणारा असायचा ना, त्याचं नाव दिलंय. हा कानामागच्या हाडाला चिकटवायचा. घाम, नाडी आणि मेंदूतल्या विजेच्या बारीक लहरी हा सतत वाचतो. आम्हाला सापडलं ते असं, की खेळायची ओढ माणसाच्या लक्षात येण्याच्या बरीच आधी शरीरात जमायला लागते. अभिनंदनना वाटतं, मला आत्ता चाक फिरवावंसं वाटलं. खरं तर शरीराची तयारी अर्धा तास आधीच सुरू झालेली असते. ती जागल्याला कळते."

"मग तो काय करतो?" पद्मजाने विचारलं.

"शून्य ते शंभर असा एक आकडा काढतो. आम्ही त्याला ओढांक म्हणतो. तो पेशंटला दिसत नाही, त्याने निवडलेल्या राखणदाराच्या फोनवर दिसतो. साठच्या वर गेला की घंटा वाजते. मग राखणदाराने लगेच फोन करायचा आणि काहीतरी साधं बोलायचं. भाजी काय आणू, पाणी आलं का, असलं. आपल्या माणसाच्या आवाजाने ओढ उतरते, हे आम्ही मोजून पाहिलंय."

अभिनंदनने मान वर न करता पद्मजाकडे बोट दाखवलं. राखणदार ठरली.

मग डॉक्टरबाईंनी कबुतरांची गोष्ट सांगितली. कळ टोचली की दरवेळी दाणा मिळतो असं कबुतराला शिकवलं, तर ते पोट भरलं की बाजूला होतं. कधी दाणा, कधी नुसतीच टोच असं केलं, तर ते भूक नसतानाही टोचत राहतं. "मेंदूतलं रसायन उसळतं ते दाणा मिळाल्यावर नव्हे," त्या म्हणाल्या. "मिळेल की नाही हे ठरायच्या आधीच्या क्षणी. आणि सगळ्यात जास्त उसळतं ते थोडक्यात हुकल्यावर. काटा आपल्या रंगाच्या एक घर अलीकडे थांबला, की मेंदू ते हरणं म्हणून धरतच नाही. पैसा हे नुसतं निमित्त. हा आजार 'आता काय होईल' ह्याचा आहे."

"म्हणजे अगदी कशाचाही लागू शकतो?"

"ज्याचा अंदाज येईल-येईलसं वाटतं आणि पुरता येत नाही, त्या कशाचाही. म्हणून राखणदारांना एक पथ्य आहे. आकडा सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा बघायचा. मध्ये फक्त घंटा वाजली तर."

पद्मजाने मान हलवली. मुख्याध्यापक सगळ्या शिक्षकांना सूचना देतात आणि आपल्याला ठाऊक असतं की ही दुसऱ्या कुणासाठी आहे, तेव्हा ती जशी हलवायची तशी.

अट एकच होती. ओढांक सलग तीन महिने चाळिशीच्या आत राहिला की जागल्या निघणार. मध्ये एकदा जरी वर गेला तरी पुन्हा पहिल्यापासून.

*

रविवारी राखणदारांची बैठक असायची. केंद्राच्या तळमजल्यावर, सतरंजीवर. बैठकीत यासीन मुजावर होते. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, ते धाकट्या भावाचे राखणदार. भडंगाचा धंदा करणाऱ्या कुसुमताई भोकरे होत्या, त्यांचा पोरगा. आणखी दहा-बारा जण. सुरुवातीला सगळे आपापली गाऱ्हाणी सांगायचे, रडायचे, चहा प्यायचे. दुसऱ्या महिन्यात माणसं गळायला लागली. रडण्यासाठी दर रविवारी कोण येणार?

"भिशी लावूया," कुसुमताई म्हणाल्या. "भिशी असली की माणूस येतंयच. आमच्या गल्लीत सासू वारली तरी बायका भिशीला येत्यात."

कल्पना सगळ्यांना पटली. पैशाची नको, भांड्यांची लावू, असं ठरलं. सगळ्यांनी थोडी थोडी वर्गणी काढायची, कुसुमताईंनी बाजारातून एक भांडं आणायचं आणि चिठ्ठी निघेल त्याने ते न्यायचं. ह्याच लोकांनी घरातले पत्ते जाळले होते. गणपतीत मंडळाची सोडत आली तर पावती फाडायला नकार दिला होता. पण भिशी म्हणजे भिशी. ती आईने लावलेली असते, मावशीने लावलेली असते, तिच्यावर घरात शिवणयंत्र आलेलं असतं. भिशीला जुगार म्हणणं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. डॉक्टरबाईंना सांगावं असंही कुणाला वाटलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय होतं?

"चिठ्ठी कशाला?" दुसऱ्या रविवारी पद्मजाच म्हणाली. "ज्याच्या पेशंटचा आठवड्याचा ओढांक सगळ्यात कमी, त्याला भांडं द्यावं. तेवढंच आपल्यालाही उत्तेजन."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षिका ती शिक्षिकाच, असं कुणीतरी म्हणालं आणि पद्मजाला ते आवडलं.

पहिलं भांडं तीच घेऊन आली. झाकणाचं पातेलं. अभिनंदनला तिने ते दाखवलं, का मिळालं तेही सांगितलं, आणि तो कितीतरी दिवसांनी हसला. "म्हणजे माझ्या चांगलं वागण्याचं पातेलं," तो म्हणाला. त्यात तिने त्याच्या आवडीची खीर केली.

ते दीड-दोन महिने त्या घराला कधी नव्हे इतके सुखाचे गेले. आकडा कमी राहायचा तर अभिनंदन खूश राहायला हवा, म्हणून पद्मजा टोचून बोलायची थांबली. संध्याकाळी दोघं आमराईत फिरायला जाऊ लागली. तो लॅबमधल्या गमती सांगायचा. एका आजोबांना कवळीत एक सोन्याचा दात हवा होता आणि तो बायकोला कळू द्यायचा नव्हता, वगैरे. ओढांक तीसच्या खाली आला, मग पंचविशीत स्थिरावला. पातेल्यामागून डबे आले, डब्यांमागून कुकर. बाई नवऱ्याला बरं करत होती आणि भांडीही मिळवत होती. इथेच कुणी थांबवलं असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

*

"बाईंचंच घोडं सदानकदा पुढं," कुसुमताई एकदा कुरकुरल्या. "आमचं पोरगं काय पंचविशीत येत नाही. मग आमी वर्गणी कशाला भरायची?"

तक्रार रास्त होती. म्हणून नियम बदलला. आता ज्याने त्याने शुक्रवारी फोनवर आपापल्या पेशंटचा अंदाज सांगायचा, उद्या दिवसभरात ओढांक जास्तीत जास्त किती वर जाईल तो. ज्याचा अंदाज सगळ्यात जवळचा, त्याला भांडं. आकडा कमी असो वा जास्त, संधी सगळ्यांना सारखी. शिवाय ह्याने आपल्या माणसाची जाण वाढेल, असं पद्मजा म्हणाली. तिला ते खरंच वाटत होतं.

पहिल्या शनिवारी तिने एकोणतीस सांगितला आणि आकडा एकतीसवर थांबला. दोनाने हुकलं. रविवारच्या बैठकीत भांडं यासीनभाईंना गेलं. घरी येताना रिक्षात तिला एकदम जाणवलं की आपल्या छातीत धडधडतंय आणि ती धडधड वाईट वाटत नाहीये. इतकी वर्षं गणित शिकवतेय, दोनाने कशी हुकले? दुपारी ह्यांनी चहा दोनदा घेतला, तो धरायला हवा होता. मग तिने आकडा दुपारीही बघायला सुरुवात केली. मग शाळेच्या मधल्या सुट्टीत. मग फळ्याकडे तोंड असताना, खडू धरलेल्या हाताच्या आडून.

आकडा जिवंत होता, हेच त्याचं वैशिष्ट्य. तो कधी उगीच चारने चढायचा, कधी भांडण होऊनही हलायचा नाही. तिला वाटायचं, आता हा माणूस आपल्याला पूर्ण कळला. आणि नेमका तेव्हाच तो हुलकावणी द्यायचा.

एका शनिवारी संध्याकाळपर्यंत आकडा सव्वीसवरच होता आणि तिने तर चौतीस सांगितला होता. जेवताना ती सहज म्हणाली, "तो प्लॉट असता तर आज आपलं घर झालं असतं नाही?" म्हणाली आणि मांडीवरचा फोन पाहिला. एकोणतीस. बत्तीस. चौतीस. अभिनंदनचा घास हातातच राहिला होता. "चुकलंच माझं," तो हळूच म्हणाला. पद्मजाने त्याच्या पानात लगबगीने तूप वाढलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि आकडा तिथेच थांबला. चौतीसवर. नेमका.

त्या रात्री तिला लाज वाटली का? वाटली. पण लाजेपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त वाटलं. त्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं. अभिनंदनला ठाऊक होतं.

मग तिला एकेक सूर सापडत गेला. क्रिकेटचा सामना लावला की पाच-सहाने चढतो. पाटल्यांचा विषय काढला की दहाने. डोक्याला तेल लावलं की उतरतो. काहीच न बोलता तोंड फिरवून बसलं की अगदी सावकाश, पण न थांबता चढत राहतो. आणि सगळ्यात वरचा सूर एका वाक्याचा होता. अभिनंदनचे वडील त्याला लहानपणापासून म्हणायचे, "तुझ्या हाताला बरकत नाही." ज्या माणसाच्या हातातून जिल्ह्यातले निम्मे दात घडले, त्याला हे वाक्य आजही लहान मुलासारखं रडवेलं करायचं, आणि मग काहीतरी करून आपलं नशीब सिद्ध करावं अशी तलखी त्याच्या आत उठायची. त्याने हे फक्त बायकोला सांगितलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात, तिच्या मांडीवर डोकं ठेवून.

ते वाक्य तिने पहिल्यांदा वापरलं तेव्हा हसत हसत वापरलं. त्याच्या हातून कप फुटला होता. "जाऊ दे, तुमच्या हाताला बरकतच नाही," ती म्हणाली. आकडा त्रेचाळीस झाला. भांडं तिला मिळालं. आणि तीन महिन्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

*

अभिनंदन खचला. डॉक्टरबाई त्याला म्हणाल्या, "बाकी सगळे दिवस छान आहेत, शनिवारीच काय होतं?" तो घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडला. पद्मजाला बाहेरून ऐकू येत होतं. ती दाराशी उभी होती आणि तिच्या हातात फोन होता.

"मला कळत नाही, पद्मा," बाहेर आल्यावर तो म्हणाला. "मनात खेळायचं काही नसतं गं. मग आतून हे काय उसळतं? मी मुळातच सडका असेन बहुतेक."

"असं नका बोलू हो," ती म्हणाली आणि तिचेही डोळे भरून आले. ते अश्रू खोटे नव्हते. तिने मनाशी शपथ घेतली, कानाला खडा लावला, आणि दोन रविवार ती बैठकीला गेलीच नाही. त्या दोन आठवड्यांत तिने वर्गात मुलांना विनाकारण मारलं, आमटी दोनदा करपवली. तिसऱ्या रविवारी ती गेली. कुसुमताईंनी इडलीचा कुकर आणला होता. तिच्याकडे इडलीचे दोन कुकर होते, खोक्यातून न काढलेले.

त्याच दिवशी जिन्यात यासीनभाईंनी तिला अडवलं.

"बाई, एक बोलू का? राग नका धरू." म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली. "काल मी भावाला मुद्दाम चिडवलं. त्याच्या मेलेल्या पोरीचं नाव काढलं. का? तर आकडा वर जावा म्हणून. एका कढईसाठी, बाई! रातभर मला झोप नाही. जे त्याला झालंय तेच आपल्याला झालंय. मी डॉक्टरबाईंकडं चाललोय, सगळं सांगणार. तुम्ही पण चला माझ्यासंगं."

"काहीतरीच काय, यासीनभाई," पद्मजा म्हणाली. "तुमचं मन कमकुवत असेल. मी नाही हो तसलं काही करत. मला तर जुगाराचा तिटकारा आहे."

यासीनभाईंनी टोपी डोक्यावर ठेवली आणि एकटेच वर गेले. पण त्या रविवारी डॉक्टरबाई परगावी होत्या. एकदा हुकलेला धीर पुन्हा गोळा करायला यासीनभाईंना दोन-अडीच महिने लागले, आणि तोवर भिशी चालूच राहिली. पद्मजा आता फक्त चाळिशीच्या आतले आकडे सांगायची आणि हा आपला केवढा संयम आहे असं तिला वाटायचं.

*

नव्या मोजणीतला शेवटचा शनिवार उजाडला. तो दिवस चाळिशीच्या आत गेला की रविवारी जागल्या निघणार होता. अभिनंदन पहाटेच उठून दाढी करून बसला होता. लॅबमधून येताना त्याने जिलेबी आणली.

"उद्या कानामागे वारा लागेल, पद्मा," तो म्हणाला. "किती महिने झाले, तिथे खाजवलंसुद्धा नाहीये."

पद्मजा हसली. जागल्या निघाला की आकडा जाणार, हे तिला गेले कित्येक दिवस ठाऊक होतं, पण त्या क्षणी ते पहिल्यांदा खरं वाटलं. उद्यापासून फोनवर काहीच दिसणार नाही. रविवारी सतरंजीवर बसायला जागा नाही. नुसता एक नवरा, जिलेबी खाणारा, बरा झालेला. आदल्या दिवशी अंदाज सांगताना तिच्या तोंडून बावन्न निघून गेला होता. असं कसं निघालं, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

आकडा सत्तावीस होता.

तिने जिलेबीचं ताट त्याच्या हातात दिलं. पाक ओघळून त्याच्या सदऱ्यावर पडला, थेंबभर. "बघा," ती म्हणाली, आणि ह्या वेळी हसली नाही. "बाबा म्हणायचे ते काही खोटं नव्हतं. तुमच्या हाताला बरकत नाहीच. उद्या ते काढून टाकतील, आणि परवा तुम्ही पुन्हा चाकापाशी."

त्याने ताट खाली ठेवलं. ती भाजी बघायला म्हणून स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून फोन पाहू लागली. पस्तीस. चव्वेचाळीस. पन्नास. एकावन्न. थांब, थांब, ती पुटपुटली. बावन्न. चोपन्न. एकसष्ट.

घंटा वाजली. नियमाप्रमाणे राखणदाराने लगेच फोन करायचा होता. तिने केला. बाहेरच्या खोलीत त्याचा फोन वाजला, त्याने उचलला, आणि भिंतीच्या अलीकडून ती मायेने म्हणाली, "अहो, मी आहे ना. उद्या भाजी काय आणायची?"

ह्या वेळचं भांडं कुसुमताईंना जाणार, असं रात्री फोनवर कळलं. पद्मजाचं नऊने हुकलं होतं. पण मधे बावन्न येऊन गेला होता ना! क्षणभर का होईना, तिने बरोबर धरला होता. रात्रभर ती त्या क्षणाभोवती घुटमळत राहिली. शेजारी अभिनंदन छताकडे बघत जागा होता.

*

रविवारी डॉक्टरबाईंनी दोघांना बोलावून घेतलं. त्या काही बोलायच्या आत अभिनंदन म्हणाला, "काढू नका, मॅडम. कधीच काढू नका. मी बरा होणारा माणूस नाही. हिच्यामुळे जिवंत आहे, तेवढं पुरे." डॉक्टरबाईंनी त्याला बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"यासीनभाई येऊन गेले," त्या म्हणाल्या. आवाज मऊच होता. "मग मी सगळ्या राखणदारांचे फोन किती वेळा आकड्यावर उघडले गेले ते पाहिलं. तुमचा सगळ्यात जास्त. झोपेतून उठूनसुद्धा."

पद्मजाने काही नाकारलं नाही. अचानक तिला फार थकल्यासारखं वाटलं.

"मी तुम्हाला ओरडणार नाहीये," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पथ्य सांगून मी गप्प बसले, तळमजल्यावर काय चाललंय ते बघितलं नाही, ही माझीही चूक. तुमच्यावर उपचार होतील, इथेच, उद्यापासून. त्यांचा आकडा तुमच्या फोनवरून आज मी काढून घेणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट तुम्हीच करू शकता. तो माणूस बरा झालाय, पद्मजाताई. केव्हाच झालाय. काल आकडा एकसष्टवर जाऊनसुद्धा त्यांनी फोनवर काही उघडलं नाही, चाक फिरवलं नाही. स्वतःला सडका समजत ते बाहेर बसलेत. ती उसळी त्यांची नव्हती हे मी सांगितलं तर त्यांना खरं वाटणार नाही. तुम्ही सांगा. सगळं सांगा. मग ते मोकळे होतील. तुम्हाला माफ करतील की नाही, ते मी सांगू शकत नाही."

"सांगते," पद्मजा म्हणाली. आणि ती खरंच सांगायला उठली.

बाहेर बाकावर अभिनंदन हात जुळवून बसला होता. ती शेजारी बसली. फोन हातात होता आणि त्यावर आकडाही, काही मिनिटांपुरता का होईना. चोवीस. सगळं ऐकल्यावर किती होईल? विचार आपोआप आला, तिने आणला नाही. सत्तर. नाही, त्र्याहत्तर.

"अहो, त्या शनिवारांचं," ती म्हणाली. "ते तुमच्यामुळे नव्हतं. भिशीत अंदाज सांगायचे होते. मी मुद्दाम बोलायचे, आकडा चढावा म्हणून."

"मुद्दाम?" सदतीस. "म्हणजे प्लॉटचं?"

"हो."

"आणि पाटल्यांचं?"

"तेही." अठ्ठेचाळीस.

"बाबांचं वाक्य," मग तो म्हणाला. "ते तर मी फक्त तुला सांगितलं होतं."

"म्हणून तर," ती म्हणाली. एकसष्ट. घंटा वाजू लागली, तिने अंगठ्याने बंद केली. सहासष्ट. आकडा तिथेच रेंगाळला. तेव्हा तिने एक गोष्ट आणखी सांगितली, जी तिने लपवली असती तरी कुणाला कळलं नसतं. "तुम्ही न्हाणीघरात रडत होता ना, तेव्हा मी दाराशी उभी होते. तुम्हाला हाक मारायला नाही. आकडा बघायला." खरं होतं ते. आजवर ती नवऱ्याशी इतकं खरं कधीच बोलली नव्हती. एकोणसत्तर. एकाहत्तर.

"पद्मा," अभिनंदन म्हणाला. "माझ्याकडं बघ."

"एक मिनिट हं," ती म्हणाली. बहात्तर.

त्याने कानामागे नख घातलं. चकती निघताना थोडी कातडी सोलली गेली. ती त्याने बाकावर, दोघांच्या मधल्या जागेत ठेवली, त्याच स्थिर हाताने, आणि उठून जिन्याकडे गेला. पायऱ्यांवर त्याची पावलं वाजली. मग खालचं दार.

फोनवर आकडा पुसला गेला होता. तिथे 'संपर्क तुटला' असं लिहिलेलं होतं आणि खाली 'पुन्हा प्रयत्न करा' अशी कळ होती. एकानेच राहिला, पद्मजाच्या मनात आलं. तिने कळ दाबली. काही आलं नाही. तिने पुन्हा दाबली.